तीन बोटांची वीट

चेअरमनने स्वतः उठून आत्यासाठी खुर्ची ओढली. गेल्या वीस वर्षांत त्याने आत्यावर ताशेरे ओढले होते, खुर्ची कधी ओढली नव्हती. त्यामुळे आत्या आधी खुर्चीकडे, मग त्याच्याकडे आणि मग पुन्हा खुर्चीकडे बघत उभीच राहिली.

"बस ना, आत्या."

"बसते. पण काम काय ते आधी सांग. परवा वकील माझ्या चष्म्याचा नंबर विचारायला आला. काल सूनबाई सफरचंदं घेऊन आली, मला दात नाहीत हे माहीत असून. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण या गाढवाचे पाय जरा जास्तच धरले जातायत."

"काहीतरीच तुझं," चेअरमन हसला. भागधारकांच्या सभेत तोटा जाहीर करताना तो असाच हसायचा.

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची होती. चाळीस वर्षं तिने भट्टीच्या माथ्यावरून चालत आगीवर नजर ठेवली होती. माथ्यावरच्या भोकाचं झाकण उचलायचं, आतल्या ज्वाळेचा रंग बघायचा आणि कोळसा किती टाकायचा ते सांगायचं. आता वजनकाट्याच्या वरच्या खोलीत ती एकटी राहायची. घरच्या कार्यांना तिला बोलावणं असायचं, पण गाडीत जागा उरली तर. आणि गाडीत जागा उरत नसे, कारण गाड्या वाढल्या तशी माणसांची ऐसपैस बसायची सवयही वाढली होती.

मग आजच हा पुळका का? तर सरकारने राज्याच्या इतिहासाचा नवा ग्रंथ काढायला घेतला होता. पहिल्या भागात नामवंत व्यक्ती, दुसऱ्या भागात निरनिराळे समाज. पहिल्या भागात कुणा दिवंगत माणसाची नोंद घ्यायची, तर त्याच्या कुटुंबातल्या सर्वांत वयस्क माणसाने मजकूर खरा असल्याची सही द्यायची, असा नियम होता. संपादक प्राध्यापक स्वतः फाइल घेऊन आले होते. पाच वाजता त्यांना छापखाना गाठायचा होता. आणि कुटुंबातलं सर्वांत वयस्क माणूस, चेअरमनच्या दुर्दैवाने, आत्या होती.

खोलीच्या भिंतीवर संस्थापकांचा मोठा फोटो होता. म्हणजे चेअरमन आणि वकील या दोघा भावांचे आजोबा आणि आत्याचे वडील. फोटोवर वेगळा दिवा होता. खाली काचेच्या पेटीत मखमलीवर एक जुनी वीट होती, आणि विटेवर तीन बोटांचा ठसा. तोच ठसा कंपनीच्या पत्रांवर, ट्रकांवर, चेअरमनच्या टायपिनेवर आणि त्याच्या बायकोच्या, म्हणजे सूनबाईच्या, कानांतसुद्धा होता. निम्म्या राज्यातल्या कचेऱ्या, शाळा आणि तुरुंग तीन बोटांच्या विटेने बांधले होते.

"वाच," चेअरमन धाकट्या भावाला म्हणाला.

वकिलाने घसा साफ केला. "'उद्योगमहर्षी, दानशूर, आद्य वीटनिर्माते... बालपणापासून मातीची ओढ... सत्य, श्रम आणि त्याग ही जीवनाची तीन सूत्रे त्यांनी आपल्या तीन बोटांनी स्वहस्ते पहिल्या विटेवर उमटवली. ठशाशेजारील दोन ठिपके हे भूत आणि भविष्य यांचे प्रतीक असून...'"

"थांब," आत्या म्हणाली. "कशाचे?"

"भूत आणि भविष्य."

"परत वाच बरं."

वकिलाने परत वाचलं. आत्याच्या खांद्यांना हळूहळू हिसके बसायला लागले. तिला रडू फुटलंय असं वाटून सूनबाईने पाण्याचा पेला पुढे केला. पण आत्या हसत होती. बिनदाताचं, पोटातून येणारं, थांबवता न थांबणारं हसू.

चेअरमनने टायपिन सरळ केली. त्याला ही नोंद हवी होती, आणि का हवी होती ते घरातल्या मांजरालाही माहीत होतं. त्याच्या बायकोचे आजोबा न्यायाधीश होते आणि या ग्रंथाच्या मागच्या आवृत्तीत त्यांच्यावर अर्धं पान होतं, फोटोसकट. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्या अर्ध्या पानाचा उल्लेख झाला नाही असा महिना गेला नव्हता. सासुरवाडीला त्याची ओळख 'आमचे विटांचे जावई' अशी करून देत.

"आत्या, हसण्यासारखं काय आहे त्यात?"

"पेटी उघड."

"ती उघडत नाहीत."

"उघडत नाहीत म्हणूनच तुम्हाला काही दिसलं नाही. उघड."

प्राध्यापकांनी उत्सुकतेने मान वर केली. ते इतका वेळ बिस्किटं खात होते. शेवटी वकिलानेच किल्ली फिरवून वीट टेबलावर आणली. आत्याने आपला वाळका हात तिच्यावर उपडा ठेवला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही ठशांत नीट बसली. उरलेली दोन बोटं तिने मुडपून घेतली, तेव्हा त्यांची पेरं बरोबर त्या दोन ठिपक्यांवर टेकली.

"हे तुमचं भूत आणि हे भविष्य," ती म्हणाली. "थोटकं आहेत ती. तुटलेल्या बोटांची. हा माझ्या आईचा हात आहे."

मग तिने सांगितलं ते असं. थापकरी म्हणजे विटा थापणारे लोक. जो तो आपल्या ओळीतल्या शेवटच्या विटेवर ओल्या मातीतच आपली खूण करायचा. कुणी मूठ दाबायचा, कुणी अंगठा. भट्टीतून वीट फुटून निघाली तर ओळ कुणाची ते कळावं म्हणून. आत्याची आई पंजा उमटवायची. दोन बोटं गेल्यावर पंजाची तीन बोटं झाली, पण तिच्या ओळीतली वीट फुटल्याचं कुणी पाहिलं नाही. बांधकामवाले नावाने मागायला लागले, तीन बोटांची द्या. संस्थापक तेव्हा भट्टीवर मुनीम होते, मातीला हात न लावणारे. तिच्याशी लग्न केल्यावर त्यांनी भट्टी चालवायला घेतली आणि सुताराकडून तिच्या हाताचा लाकडी शिक्का करून घेतला.

"शिक्का झाला, मग हाताची गरज उरली नाही. मग मास्तरांची मुलगी घरात आणली, तुमची आजी. माझी आई मरेपर्यंत भट्टीवरच राहिली आणि मी तिच्याबरोबर. या घरात विटा थापणारे गेले आणि थापा मारणारे राहिले."

"अत्यंत महत्त्वाची माहिती," प्राध्यापक म्हणाले आणि बिस्किट खाली ठेवलं.

"निराधार माहिती," चेअरमन म्हणाला. "पाच मिनिटं द्या आम्हाला, सर."

*

जिन्याच्या वळणावर तिघं उभे राहिले. खाली अंगणात कच्च्या विटांच्या ओळी वाळत होत्या. सूनबाईने पदर नाकाला लावला. अठ्ठावीस वर्षांत तिला या धुळीची सवय झाली नव्हती आणि सवय झाली नाही याचा तिला अभिमान होता. विटांचा वीट आला, हा तिचा आवडता विनोद होता, पण नवऱ्यासमोर ती तो करत नसे.

"हात दाखवून अवलक्षण!" ती म्हणाली. "तरी मी म्हणत होते, सफरचंदांऐवजी केळी नेऊ या."

"केळ्यांनी काय झालं असतं?" वकील म्हणाला.

"निदान खाल्ली असती. ओशाळली असती."

चेअरमन कठड्यावर मुठी आपटत होता. "मुनीम! उद्या तुझ्या माहेरी कळलं म्हणजे? मी सांगतो, म्हातारपणी भ्रम होतो असा डॉक्टरचा कागद घेऊ आणि सही तू कर, वकील. तिच्यानंतर वयाने कोण?"

"तूच, दादा."

"मग मी करतो."

तेवढ्यात प्राध्यापक बाहेर आले. त्यांना हात धुवायचे होते. पण इतिहासकाराला माणसं कुजबुजताना दिसली की पाय निघत नाही. "गैरसमज नको," ते म्हणाले. "मी उलट अभिनंदन करणार होतो. संस्थापकांना मी चार ओळी देणार होतो, खरं सांगायचं तर. उद्योगपती पुष्कळ झालेत. पण श्रमिक समाजातून आलेली स्त्री, तिच्या हाताचा ठसा राज्यभर! हे माझ्याकडे दुसरं नाही. मी पूर्ण पान देईन. विटेचा फोटो वेगळा."

"पूर्ण?" सूनबाईने विचारलं.

"पूर्ण."

न्यायाधीशांना अर्धं होतं. सूनबाईच्या मनात हा हिशोब इतक्या झटकन झाला की तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली, पण थोडीच. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "शेवटी मोठ्या आजीच त्या. आपण कधी त्यांना परकं मानलंय का?"

"तू त्यांचं नाव तरी ऐकलं होतंस का आजपर्यंत?"

"म्हणून तर वाईट वाटतं."

वकिलाच्या डोक्यात वेगळीच चक्रं फिरत होती. येत्या निवडणुकीला त्याला उभं राहायचं होतं आणि भट्ट्यांमागच्या वस्तीत थापकऱ्यांची चार हजार मतं होती. आजवर तो त्या वस्तीत गेला होता तो फक्त एकदा, गाडी चुकून. "दादा, दगडापेक्षा वीट मऊ," तो म्हणाला. "आजोबांच्या चार ओळींपेक्षा आजीचं पान बरं. त्यातच आजोबांना बसवू. त्यांनी तिला ओळखलं, तिला साथ दिली. उद्या दारात तिचा पुतळा बसवू. मी स्वतः वस्तीत जाऊन आमंत्रण देतो."

"आपण तिचे कोण लागतो? आपली आजी वेगळी आहे."

"मतदार रक्ताची तपासणी करत नाहीत."

चेअरमन कठड्याला धरून उभा राहिला. सकाळी हे दोघं त्याच्या बाजूचे होते. आता बायको पानाकडे गेली होती, भाऊ मतांकडे, आणि आजोबांच्या बाजूला तो एकटा उरला होता. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तो मनात म्हणाला, आणि ससा तर त्या म्हातारीच्या हाती आहे. "बसव," तो शेवटी म्हणाला. "पण आजोबा आधी आले पाहिजेत."

*

खोलीत आत्या एकटीच विटेपाशी बसली होती. आईचा हात इतक्या जवळून तिने साठ वर्षांत पाहिला नव्हता. त्या तीन बोटांनी आई तिची वेणी घालायची, आणि दोन बोटं कमी असूनही वेणी कधी सुटायची नाही. आत्याला आयुष्यात फार काही मिळालं नव्हतं आणि फार काही हवंही नव्हतं. एकच हवं होतं. राज्यभर फिरणारा तो हात आईचा आहे, एवढं कुणीतरी कुठेतरी लिहावं. तिने ते थोरल्या सावत्र भावाला सांगितलं होतं, धाकट्याला सांगितलं होतं. दोघांनीही, बघू, म्हटलं होतं आणि बघता बघता दोघंही गेले होते.

तिघं परत आले ते वेगळेच होऊन. सूनबाई येऊन तिच्या शेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला. वकिलाच्या हातात नवा कागद होता.

"आत्या, आमचं चुकलं," तो म्हणाला. "ऐक आता. पूर्ण पान आहे. 'श्रममाउली. थापकरी समाजाच्या या थोर कन्येतील गुण द्रष्ट्या संस्थापकांनी अचूक हेरले...'"

आत्या ऐकत राहिली. आईचं नाव आलं. या खोलीत, त्या दिव्याखाली, मोठ्याने वाचलेलं आईचं नाव. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही. लबाड आहेत, तिने स्वतःला सांगितलं, पण नाव खरं आहे. बाकी काय लिहायचं ते लिहू देत. प्राध्यापकांनी पुढे केलेलं पेन तिने हातात घेतलं.

"'...दोघांच्या प्रेमळ सहजीवनातून उद्योग बहरला,'" वकील वाचत होता. "'मातीच्या घाण्याशी झुंजताना तिने आपली दोन बोटे या उद्योगाच्या पायाभरणीत हसतमुखाने अर्पण केली.'"

पेन खाली आलं.

"काय केली?"

"अर्पण."

"हसतमुखाने?"

"ते जरा भावनेच्या भरात, आत्या. असं लिहावं लागतं."

"तू घाणा पाहिलायस कधी?"

वकिलाने भावाकडे पाहिलं. घाणा तीस वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता.

"माणूसभर उंचीचं लोखंडी पिंप," आत्या म्हणाली. "आत पाती. इंजिनाचा पट्टा चढवला की पाती फिरायची आणि चिखल मळला जायचा. आई सांगायची, त्या दिवशी आत दगड अडकला. पट्टा उतरवला, आईने हात घातला आणि दगड काढायला लागली. मुनिमाला घाई होती. दुपारी गाड्या भरायच्या होत्या. तो म्हणाला, किती वेळ? ती म्हणाली, हात आत आहे. तो म्हणाला, रोज हीच रड. आणि पट्टा चढवला."

खाली अंगणात एक ट्रक मागे येत होता, त्याचा तेवढा आवाज.

"थापकऱ्यांनी काम बंद पाडलं," आत्या पुढे म्हणाली. "पाच दिवस एक वीट पडली नाही. मालक मुनिमाला हाकलणार होता. सहाव्या दिवशी मुनिमाने तिच्या बापाकडे जाऊन लग्नाची मागणी घातली. जावयावर कोण दगड उचलणार? सातव्या दिवशी काम सुरू झालं. हे तुमचं प्रेमळ सहजीवन."

"याला पुरावा काय?" चेअरमनचा आवाज चिरकला.

"भूत आणि भविष्याला काय होता?"

"आत्याबाई," सूनबाई गोड आवाजात म्हणाली, "अशा गोष्टी सगळ्याच घरांत असतात. उगाळून काय मिळतं? एवढं छान पान होतंय."

"पान तुझं होतंय, सूनबाई. आई होती तिथेच आहे." ती प्राध्यापकांकडे वळली. "पट्टा कुणी चढवला ते लिहा. मग सही करते."

प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. साडेचार. "पहिल्या भागात असं नाही चालत, आजी. कुटुंबाची एकवाक्यता लागते. आरोप आला की नोंद वादग्रस्त होते, मग ती गळते."

"मग ही ओळ काढा आणि पान ठेवा," वकील म्हणाला.

"नाहीतर सगळंच काढा आणि आजोबांच्या चार ओळी ठेवा," चेअरमन म्हणाला.

"दोन्हींना सही माझीच लागणार ना?" आत्याने विचारलं. "नाही करत. दोन्हींवर नाही करत."

आता खरा गोंधळ उडाला. वकील चेअरमनला म्हणाला, तुझ्या अहंकारापायी पान गेलं. चेअरमन वकिलाला म्हणाला, हसतमुखाने तुझ्याच तोंडातून निघालं. सूनबाई दोघांना म्हणाली, माझ्या माहेरी असं चव्हाट्यावर भांडत नाहीत, आणि हे वाक्य या घरात ज्या मानाने घेतलं जाई त्याच मानाने घेतलं गेलं. अख्खं घराणं एका पानासाठी असं भांडत होतं, जणू ते पान त्यांनीच थापलं होतं.

आत्या त्यांच्याकडे बघतही नव्हती. "सर," ती म्हणाली, "दुसऱ्या भागात थापकरी आहेत का?"

"आहेत की. म्हणजे, अडीच ओळी आहेत. माहिती मिळेना. कुणी काही लिहून ठेवलेलं नाही."

"तिथे सही कुणाची लागते?"

"तिथे कुटुंबाचा प्रश्न येत नाही. समाजातल्या कुणाही जाणत्या माणसाने सांगितलं तरी चालतं."

"मी थापकरणीची मुलगी. लिहा."

प्राध्यापकांनी कोरा कागद घेतला. हा माणूस दिवसभरात पहिल्यांदाच सरळ बसला. आत्या सांगत गेली, थांबत थांबत, एकही मोठा शब्द न वापरता. माती कशी निवडायची, ओळ कशी लावायची, खूण का करायची. मग आई. मग घाणा, दगड, आत घातलेला हात. पाच दिवसांचं बंद पडलेलं काम. भांडण कधी थांबलं ते तिघांनाही कळलं नाही.

"'...हात आत असतानाच भट्टीच्या मुनिमाने पट्टा चढवला,'" प्राध्यापकांनी लिहिता लिहिता वाचलं. "मुनिमाचं नाव?"

आत्याने तोंड उघडलं.

"नको!" चेअरमन उभा राहिला. खुर्ची मागे कलंडली. तीन महिने त्याने या एका नावासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आता तोच हात जोडून आत्यासमोर उभा होता. "आत्या, पाया पडतो तुझ्या. काहीही लिही. पण आजोबांचं नाव या पुस्तकात नको."

वकिलाने मान खाली घातली. सूनबाईने कानांतली तीन बोटं हळूच चाचपली.

आत्याने भाच्याकडे पाहिलं. त्याची कीव यावी असं तिला वाटलं, पण आली नाही.

"ऐकलंत ना, सर? घरच्यांचीच तशी इच्छा आहे," ती म्हणाली. "'एका मुनिमाने' एवढंच लिहा."

आणि मग तिने आईचं नाव सांगितलं. माहेरचं, बापाच्या नावासकट, सावकाश, प्राध्यापकांना नीट लिहून घेता यावं म्हणून दोनदा.